बांगडी एका जागी फुटत नाही

(१९८९ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यातील भाषण. बोललेले जसेच्या तसे ठेवले आहे.)



संयोजकांनी मला फोन केला तेव्हा सांगितलं, "आरोग्यावर काहीतरी बोल. पण डायबेटिस आणि ब्लडप्रेशर नको, ते आता सगळ्यांनाच आहे." म्हटलं ठीक आहे, मला जे रोज करावं लागतं त्यावरच बोलतो. माझं काम मोडलेले जबडे जोडण्याचं. त्यातही खालचे जबडे जास्त.

मघाशी चहाच्या वेळी एकाने विचारलंच, "तू दातांचा डॉक्टर ना रे? मग हाडं कधीपासून जोडायला लागलास?" प्रश्न रास्त आहे. दातांच्या डॉक्टरचं शिक्षण पूर्ण केल्यावर पुढे तीन वर्षं तोंड, जबडे आणि चेहरा यांच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण असतं. ते मी मुंबईत घेतलं. पण हे काम दातवाल्याकडे का आलं, याचं उत्तर त्या हाडातच आहे. पायाचं हाड जोडताना एखाद्या मिलिमीटरचा फरक राहिला तरी माणूस चालतो. जबड्यात तेवढा फरक राहिला तर वरच्या दाढेवर खालची दाढ बसत नाही आणि माणसाला भाकरी चावता येत नाही. म्हणून जबडा जोडणाऱ्याचं एक डोळा हाडावर आणि एक डोळा दातांवर असावा लागतो.

आता जरा सगळ्यांनी एक करा. सर, बाई, तुम्हीसुद्धा. दोन्ही हातांची बोटं कानाच्या अगदी पुढे ठेवा आणि तोंड उघडा, मिटा. बोटांखाली काहीतरी सरकतंय ना? तो खालच्या जबड्याचा सांधा. डोक्याच्या कवटीला खालचा जबडा फक्त या दोन ठिकाणी जोडलेला आहे. चेहऱ्यात हलणारं मोठं हाड हे एवढंच. आपण बोलतो, जेवतो, जांभई देतो, बायकोला उत्तर द्यायचं टाळतो, ते सगळं या दोन सांध्यांवर.

हाडाचा आकार घोड्याच्या नालेसारखा. पुढे हनुवटी, दोन्ही बाजूंना दात धरणारा भाग, मागे कोपरा आणि तिथून वर जाणारा खांब. खांबाच्या टोकाला एक बारीक मान आणि तिच्यावर गोटीसारखं डोकं, जे कानापुढच्या खोबणीत बसतं. हाड दिसायला दणकट, पण त्याच्या काही जागा कच्च्या आहेत. सुळ्याचं मूळ फार लांब असतं, म्हणून तिथे हाड कमी. अक्कलदाढ आत अडकून बसलेली असेल तर कोपऱ्याची जागा कच्ची. आणि सगळ्यात बारीक ती सांध्याखालची मान.

आता या भाषणातली एक गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. काचेची बांगडी दाबली तर ती एका जागी फुटते का? नाही. किमान दोन ठिकाणी फुटते. खालचा जबडा आणि कवटी मिळून अशीच एक बांगडी होते. मार लागतो हनुवटीला आणि मोडतं कानापुढे. ठोसा बसतो डाव्या गालावर, तिथे कोपरा मोडतो आणि उजवीकडे सुळ्याजवळ दुसरी चीर जाते. म्हणून एक मोड सापडली की दुसरी शोधायची, हा आमच्याकडे पहिला धडा असतो. नेहमीच दुसरी असते असं नाही, पण न शोधता नाही असं म्हणायचं नाही.

ती मान इतकी बारीक का, असं एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं. विचार केला तर ती निसर्गाने बसवलेली फ्यूजची तार आहे. हनुवटीवरचा जोराचा धक्का सरळ वर गेला तर ते हाड कवटीच्या तळातून मेंदूकडे घुसेल. मान मोडते म्हणून मेंदू वाचतो. घरातला फ्यूज उडाल्यावर आपण चिडतो, पण टीव्ही वाचलेला असतो, तसंच हे.

मोडलंय हे ओळखायचं कसं? डॉक्टर येईपर्यंत तुम्हीही पाच गोष्टी बघू शकता. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची: माणसाला विचारा, "दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसतात का?" आपले दात कसे बसतात हे आपल्याला कधी सांगता येत नाही, पण बदललं की लगेच कळतं. जेवताना केसाएवढा खडा लागला तरी कळतो, तसं. माणूस म्हणाला, "काहीतरी वेगळं लागतंय," तर मोड आहे असंच धरून चाला. दुसरी, खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने बधिर झाली आहे का? खालच्या दातांची शीर या हाडाच्या आतल्या नळीतूनच जाते. हाड तुटलं की ती ताणली जाते. तिसरी, तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला सरकते का? ज्या बाजूचा सांधा मोडला असेल त्या बाजूला ती जाते. चौथी, हिरडी कुठे फाटली आहे का, दातांच्या ओळीत पायरी पडली आहे का, जिभेखाली निळंकाळं रक्त साकळलं आहे का. आणि पाचवी, कानापुढे बोट लावल्यावर दुखतं का, कानातून रक्त येतंय का. कानातून रक्त आलं की आपण लगेच डोक्याचा मार समजतो, आणि तसं समजून तपासणं बरोबरच आहे. पण कधी कधी ते कानाच्या पुढच्या भिंतीचं असतं, जबड्याने फाडलेली.

आता रस्त्यावरचा पहिला अर्धा तास. आपल्या भागात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की माझ्याकडची गर्दी वाढते. रात्रीची वेळ, मागे दिवा ना रिफ्लेक्टर अशी उसाची ट्रॉली, आणि तिच्यावर जाऊन आदळलेली मोटारसायकल. अशा वेळी लोक जमतात आणि सगळ्यात आधी काय करतात? जखमीला उताणं झोपवतात आणि तोंडात पाणी ओततात. जबड्याच्या बाबतीत दोन्ही धोक्याचं आहे. जीभ पुढे धरून ठेवणारे स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेले असतात. हनुवटीचा तुकडा दोन्हीकडून सुटला की जीभ मागे पडते आणि श्वास अडतो. हा माणूस उताणा झोपला तर गुदमरेल. शुद्धीवर असेल आणि स्वतः पुढे वाकून बसायला बघत असेल तर त्याला बसू द्या. तो स्वतःचा जीव वाचवत असतो. बेशुद्ध असेल तर मानेला हिसका न देता, डोकं आणि धड एकत्र धरून कुशीवर वळवा, म्हणजे रक्त आणि लाळ बाहेर पडेल. तोंडातले दाताचे तुकडे, कवळी, गुटख्याची पुडी, जे दिसेल ते बाहेर काढा. पाणी नाही, चहा नाही. पुढे भूल द्यावी लागते आणि पोट रिकामं लागतं. आणि १०८ ला फोन.

एखादा अख्खा दात मुळासकट बाहेर पडला असेल तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता, पांढऱ्या भागाला धरून उचला, थंड दुधात टाका आणि बरोबर आणा. तासाभरात आला तर परत बसवता येतो. दुधाचे दात मात्र परत बसवत नाहीत.

डोक्याला, छातीला, पोटाला मार असेल तर तो आधी. जबडा थांबू शकतो. "रात्रीच ऑपरेशन करा" असा नातेवाइकांचा आग्रह असतो, त्यांची घालमेल मी समजतो; पण तोंड स्वच्छ ठेवून, प्रतिजैविकं सुरू करून, काही दिवसांत नीट तयारीने केलेलं ऑपरेशन चालतं. थांबू शकतो याचा अर्थ महिनाभर थांबा असा मात्र नाही. तीन आठवड्यांनी वेडंवाकडं जुळलेलं हाड घेऊन माणूस येतो तेव्हा ते परत तोडून जोडावं लागतं.

उपचारांची गोष्ट मोठी जुनी आहे, आणि इतिहासाच्या सरांसमोर ती सांगायला मला थोडी भीतीच वाटते. इजिप्तमध्ये सुमारे ३,६०० वर्षांपूर्वीचा शस्त्रक्रियेवरचा एक पपायरस सापडला. त्यात निखळलेला जबडा बसवायचा कसा ते लिहिलंय, पण जखमेसकट मोडलेल्या जबड्याबद्दल निर्णय असा, की याच्यावर उपचार करू नये. म्हणजे माणूस जाणार. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत निखळलेली हनुवटी शेकून, जागेवर आणून, पंचांगी नावाची पट्टी बांधायला सांगितली आहे. ग्रीसमध्ये हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या वैद्यांनी मोडीच्या दोन्ही बाजूंचे दात सोन्याच्या तारेने किंवा तागाच्या दोऱ्याने एकमेकांना बांधायला सांगितलं.

मग १२७५ मध्ये इटलीतल्या सालिसेटो गावच्या विल्यम नावाच्या शल्यवैद्याने एक साधी गोष्ट लिहून ठेवली: खालचे दात वरच्या दातांना बांधा. वरचा जबडा मोडलेला नाही ना? मग तोच साचा. दात दातांवर नीट बसले की हाडाचे तुकडे आपोआप जागेवर येतात. इतकी सोपी युक्ती, पण जग ती विसरलं. १८८७ मध्ये अमेरिकेत थॉमस गिल्मरने ती पुन्हा वापरात आणली, म्हणजे सहाशे वर्षांनी. आजही मी ऑपरेशन करताना पहिली पायरी हीच असते. हाडाला हात लावायच्या आधी वरचे आणि खालचे दात तारेने एकमेकांना बांधतो.

यातून एक गंमत होते. दात बांधायचे म्हणजे तोंड बंद. मग भूल देण्याची नळी तोंडातून घालता येत नाही, ती नाकातून घालावी लागते. भूलतज्ज्ञ आणि मी एकाच जागेवर हक्क सांगणारे शेजारी. त्यांच्याशी भांडण करून चालत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरही बरीच वर्षं उपचार म्हणजे हे तारेचं बांधणंच होतं. दातांच्या कडेने धातूची पट्टी, त्यावर बारीक तारा, आणि चार ते सहा आठवडे तोंड बंद. आजही साध्या, न सरकलेल्या मोडीला हे पुरतं. पण १९७० च्या दशकात फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या माक्सिम शांपी यांनी जबड्याचा नीट अभ्यास केला. चावताना या हाडाची वरची कड ताणली जाते आणि खालची दाबली जाते. मग जाड, अवजड पट्टी खाली लावण्यापेक्षा जिथे ताण येतो त्या रेषेवर लहानशी पट्टी लावली तर तेवढीच पुरे. कोपऱ्याजवळ एक, हनुवटीला दोन, कारण हनुवटीला पीळही बसतो. आज या पट्ट्या टायटॅनियमच्या असतात, आगपेटीच्या काडीपेक्षा थोड्या रुंद, आणि स्क्रू दोन मिलिमीटर जाडीचे. चीर बहुतेक वेळा ओठाच्या आतून देतो, म्हणजे बाहेर व्रण राहत नाही. लग्न ठरलेल्या मुलांचा पहिला प्रश्न तोच असतो. पट्टी लावल्यावर तोंड आठवडेच्या आठवडे बंद ठेवावं लागत नाही. पट्टी नंतर काढावी लागते का? त्रास देत नसेल तर नाही.

क्रिकेटवाल्यांसाठी एक आठवण. मे २००२, अँटिगा. मर्व्हिन डिलनचा चेंडू अनिल कुंबळेच्या जबड्यावर बसला आणि जबडा मोडला. डोक्यावरून हनुवटीखाली पांढरी पट्टी बांधून तो मैदानात आला, सलग १४ षटकं टाकली, ब्रायन लाराला पायचीत केलं, आणि मग ऑपरेशनसाठी बेंगळुरूला गेला. आपण सगळ्यांनी ते टीव्हीवर पाहिलंय. धैर्याला नमस्कार. पण मला गावाकडे अजून भेटतात "कुंबळेने नाही का पट्टी बांधली" असं म्हणून पट्टीवरच पंधरा दिवस काढणारे. ती पट्टी हॉस्पिटलपर्यंत आधार म्हणून होती. उपचार नंतर झाला.

ऑपरेशनपेक्षा कठीण काय असतं ते सांगू? नंतरचे सहा आठवडे. हाड घट्ट व्हायला तेवढा वेळ लागतोच, पट्टी असो वा तार. तेवढे दिवस चावून खायचं नाही. ज्याचं तोंड तारेने बंद आहे त्याचं सगळं अन्न पातळ. शेवटच्या दाढेच्या मागे थोडी फट असते, तिथून किंवा दातांमधल्या फटींतून ते आत जातं. नाचणीची आंबील, तांदळाची पेज, वरणाचं निवळ, पाया सूप, दूध, ताक, मिक्सरमधून काढून गाळलेली कुठलीही भाजी. दिवसातून तीनदा जेवून भागत नाही, सहा-सात वेळा थोडं थोडं घ्यावं लागतं. वजन उतरतं. घरात जो स्वयंपाक करतो त्याच्याशी मी रुग्णापेक्षा जास्त वेळ बोलतो, कारण सहा आठवडे खरे डॉक्टर तेच. तारा असलेल्या माणसाच्या उशाशी कायम कात्री किंवा तार कापायचं पक्कड ठेवायचं आणि कुठली तार कापायची हे घरातल्या एकाला शिकवून ठेवायचं. उलटी झाली तर वेळ नसतो.

आणि तंबाखू. मोडलेलं हाड तोंडात उघडं पडलेलं असतं, त्यावर मावा-गुटख्याचा लेप लावला तर ते पिकणार नाही तर काय? गुटख्याने ज्यांचं तोंड आधीच आखडलेलं असतं, दोन बोटंही आत जात नाहीत, त्यांच्या तोंडात हत्यार घालणं म्हणजे बोळातून ट्रॅक्टर काढणं. तुमच्यापैकी दोघा-तिघांकडे मी बघत नाहीये, पण समजून घ्या.

आता आपल्या आई-वडिलांबद्दल. आपण पन्नाशी ओलांडली, म्हणजे ते सत्तर-ऐंशीत आहेत. दात गेले की जबड्याचं हाड झिजत जातं, कधी कधी बोटाएवढं बारीक राहतं. बाथरूममध्ये पाय घसरला की मोडतं. दात नाहीत म्हणजे आम्हाला साचा नाही. तेव्हा त्यांची कवळी कामाला येते. कवळीच हाडाला बांधून, तिचाच साचा करून जबडा धरता येतो. हा विचारही जुना आहे. १८६५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री विल्यम सेवर्ड घोडागाडीच्या अपघातात जबडा मोडून पडले तेव्हा थॉमस गनिंग नावाच्या दंतवैद्याने कडक रबराचा असाच साचा करून त्यांच्यावर उपचार केले. तो साचा आजही गनिंगच्या नावाने ओळखतात. सांगायचं एवढंच, की म्हातारं माणूस पडलं तर हॉस्पिटलला येताना कवळी घेऊन या. फुटलेली असली तरी. "घाईत कचऱ्यात टाकली" असं सांगू नका.

आता ज्यासाठी मी हा विषय घेतला तिथे येतो. इथे आपले शिक्षक बसले आहेत, आणि आपल्या वर्गातल्या चौघीजणी स्वतः शिक्षिका आहेत, म्हणून.

लहान मूल पडतं. झाडावरून, पायऱ्यांवरून, कबड्डीत, शाळेच्या व्हरांड्यात पळताना. हनुवटीखाली दीड-दोन इंचाची जखम होते. रक्त फार येतं. आपण घाबरतो, दवाखान्यात नेतो, टाके पडतात, धनुर्वाताचं इंजेक्शन होतं, आठ दिवसांनी टाके निघतात. सगळ्यांना बरं वाटतं. पण बांगडी आठवा. हनुवटीला धक्का बसला आणि कानापुढची ती बारीक मान मोडली असेल तर? वरून काहीच दिसत नाही. मूल चार दिवस खात नाही, आपण म्हणतो टाके दुखत असतील. तोंड उघडत नाही, आपण म्हणतो हट्टी आहे. तोंड हललं नाही की सांध्यात साचलेल्या रक्ताचं हळूहळू हाड होतं आणि सांधा कवटीला चिकटून बसतो. महिने जातात, वर्ष जातं.

माझ्याकडे एकदा बारा वर्षांची मुलगी आली. तोंड दोन मिलिमीटर उघडायचं, नखाएवढं. पाचव्या वर्षी अंगणातल्या जात्यावर पडली होती. हनुवटीखाली टाक्यांचा व्रण होता. सात वर्षं ती भाकरी दुधात कुस्करून, बोटाने दातांच्या फटीतून आत ढकलून जेवत होती. दात घासता न आल्यामुळे किडले होते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खालचा जबडा वाढलाच नव्हता, कारण मुलांच्या जबड्याची वाढ त्या सांध्यावर फार अवलंबून असते. हनुवटी मागे राहिली, जीभ मागे दबली, रात्री घोरायची, श्वास अडून दचकून उठायची. शाळेत नेहमी पेंगायची. आई म्हणाली, "मास्तर म्हणतात लक्ष नाही तिचं." लक्ष कुठून राहणार? तिला झोपच मिळत नव्हती.

तिचं ऑपरेशन केलं. चिकटलेलं हाड काढलं, मध्ये कानशिलाचा स्नायू घातला म्हणजे परत चिकटू नये. ऑपरेशन चार तासांचं, पण खरा उपचार पुढचे कित्येक महिने चालला. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये घालायच्या, दर आठवड्याला एक वाढवायची. दुखतं. मूल रडतं. आईने डोळे पुसत पुसत काड्या घातल्या. तेरा काड्यांपर्यंत गेलो तेव्हा तिने पहिल्यांदा पेरू चावून खाल्ला. चेहऱ्याची वाढ मात्र मागे राहिली ती राहिलीच. त्यासाठी पुढे आणखी उपचार लागले.

हे सगळं पाचव्या वर्षी, पहिल्या आठवड्यात टळलं असतं. आणि त्याला ऑपरेशन लागलं नसतं, हेही सांगतो. लहान मुलांच्या या मोडीत आपण सहसा चिरत नाही. त्यांच्या जबड्यात पक्क्या दातांचे कोंब असतात, स्क्रूने ते दुखावतील; शिवाय त्यांचं हाड स्वतःला सुंदर घडवून घेतं. थोडे दिवस मऊ खाणं, वेदनाशामक औषध, गरज पडली तर थोडेच दिवस आधार, आणि लवकरात लवकर तोंड उघडण्याचा व्यायाम. पुढे वर्ष-दोन वर्षं अधूनमधून तपासणी. बस्स. खर्च म्हणाल तर एक एक्स-रे, ज्यात यंत्र डोक्याभोवती फिरतं आणि एकाच चित्रात दोन्ही सांधे, सगळे दात दिसतात.

तेव्हा शिक्षकांना माझी विनंती. मुलाला हनुवटीखाली टाके पडले की तीन गोष्टी बघा. कानापुढे बोट लावल्यावर दुखतं का. दात पूर्वीसारखे बसतात का. आणि त्याची स्वतःची तीन बोटं, एकावर एक उभी, तोंडात जातात का. एकही गोष्ट चुकीची वाटली तर पालकांना सांगा, एक्स-रे काढा. आणि टाके निघाल्यावर महिनाभराने पुन्हा तीन बोटं बघा. पी.टी.च्या तासाला वर्गभर एकदम करता येतं; मुलांना गंमत वाटते.

आता इथे सगळेजण तीन बोटं तोंडात घालून बसलेत. शाळेत हे केलं असतं तर छडी मिळाली असती.

आणखी एक गोष्ट, जी मेळाव्यात बोलू नये असं काहींना वाटेल. कधी कधी एखादी बाई येते. डाव्या बाजूचा कोपरा मोडलेला. "बाथरूममध्ये घसरले" म्हणते, आणि नवरा शेजारी उभा असतो. घसरून पडणारं माणूस बहुधा हनुवटीवर पडतं. डावा कोपरा बहुधा समोरच्या उजव्या हाताने मोडतो. एक्स-रे बघून कुणावर आरोप करता येत नाही, पण मी नवऱ्याला फॉर्म भरायला बाहेर पाठवतो आणि तिला एकटीला विचारतो. काही जणी सांगतात, काही रडतात, काही मान हलवून नाही म्हणतात. कायद्यात हाड किंवा दात मोडणं ही जबर दुखापत आहे, किरकोळ भांडण नाही. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा नंबर आहे. तुमच्या शेजारी, नात्यात, घरकामाला येणाऱ्या बाईचा चेहरा सुजलेला दिसला तर "कशी पडलीस?" असं विचारू नका. "कुणी मारलं का?" असं, एकटीला, हळू आवाजात विचारा. पहिल्या प्रश्नात उत्तर आपणच देऊन टाकलेलं असतं.

शेवटचं हेल्मेट. तुमच्या गाड्या बाहेर लावलेल्या मी पाहिल्या. दहा-बारा मोटारसायकली, आणि हेल्मेटं तीन. त्यातली दोन टोपीसारखी, वरून झाकणारी. टोपीवाल्या हेल्मेटने दंड वाचतो, थोडं डोकंही वाचतं, जबडा वाचत नाही. हनुवटीच्या पुढे आडवी पट्टी असलेलं, पूर्ण चेहऱ्याचं, आयएसआय शिक्क्याचं घ्या आणि हनुवटीखालचा पट्टा लावा. पट्टा न लावलेलं हेल्मेट अपघातात माणसाच्या आधी रस्त्यावर पोचतं. ट्रॅक्टर-ट्रॉल्या ज्यांच्या आहेत त्यांनी मागे लाल रिफ्लेक्टरच्या पट्ट्या चिकटवा. शे-दीडशे रुपयांचं काम आहे, त्यात कुणाचा तरी मुलगा वाचेल.

आपल्या तुकडीने शाळेसाठी निधी जमवलाय. कमान बांधायची की पाण्याची टाकी, यावर गेले तीन महिने ग्रुपवर वाद चाललाय, तो चालू द्या. त्यातून थोडे पैसे बाजूला काढावेत अशी माझी सूचना आहे. शाळेतलं जे मूल हनुवटीवर पडेल त्याच्या एक्स-रेचा खर्च त्यातून व्हावा. तपासायला माझ्याकडे पाठवा, तपासणीचे पैसे मी घेणार नाही. मुख्याध्यापक बाईंशी मघाशी बोललो आहे. प्रथमोपचाराच्या पेटीच्या झाकणावर आतून त्या तीन गोष्टी लिहिलेला कागद चिकटवायला त्या तयार आहेत. कागद मी आणलाय, लॅमिनेट करून.

तुम्ही इतका वेळ जबडा बंद ठेवून ऐकलंत, त्याबद्दल आभार. आता जेवण आहे. सावकाश, दोन्ही बाजूंनी चावून जेवा.